घरी बघितले, म्हणून उरले: नायट्रेट, विरजण आणि सहा विनोदी सिनेमे

'घरी बसून बघायला काहीतरी हलकंफुलकं सांग ना, पण नेहमीचं नको' ही फर्माईश मला बऱ्याचदा येते. पीएच.डी. करणाऱ्या माणसाकडे वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज असतो, त्यामुळे येत असावी. तर या वेळी मी यादी देणार आहे. पण यादीतले सगळे सिनेमे शंभर वर्षांच्या आसपासचे आहेत, मूक आहेत, आणि यादीच्या आधी थोडं रसायनशास्त्र ऐकावं लागेल. कारण हे सिनेमे आज तुमच्या मोबाइलवर दिसू शकतात यामागे जितका कलेचा हात आहे, तितकाच एका पॉलिमरचा आहे.

माझा विषय ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: सेल्युलोजपासून बनवलेले पॉलिमर उष्णता आणि ओलावा यांत कसे तुटतात, ते मी अभ्यासते. सेल्युलोज म्हणजे कापूस, लाकूड, कागद यांचा मूळ घटक. आणि सिनेमाची फिल्म कितीतरी दशकं याच सेल्युलोजपासून बनत होती. त्यामुळे सिनेमाच्या इतिहासातला एक प्रश्न थेट माझ्या टेबलावर येतो: कुठले सिनेमे उरले, कुठले गेले, आणि का?

आजचं म्हणणं आधीच सांगून टाकते. जुन्या विनोदी सिनेमांमधले कितीतरी आज शिल्लक आहेत ते मोठ्या स्टुडिओंनी जपले म्हणून नव्हे, तर लोकांना ते घरी बघायचे होते म्हणून. आणि घरात आणायची फिल्म वेगळ्या रसायनाची असावी लागते म्हणून.

आधी नुकसान किती झालं ते बघू

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली डेव्हिड पियर्स यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे ११ हजार पूर्ण लांबीचे मूकपट निघाले. त्यांपैकी मूळच्या ३५ मिलिमीटर प्रतीत, पूर्ण स्वरूपात, फक्त १४ टक्के उरले आहेत. आणखी सुमारे ११ टक्के पूर्ण आहेत, पण परदेशी आवृत्तीत किंवा २८ आणि १६ मिलिमीटरसारख्या लहान आकाराच्या फिल्मवर. काही तुकड्यांत आहेत. बाकीचे, म्हणजे जवळजवळ ७० टक्के, गेले. या मोजणीत छोट्या, एक-दोन रिळांच्या विनोदी फिल्मा धरलेल्याच नाहीत. आणि त्या काळातला विनोद तर मुख्यतः छोट्या फिल्मांमध्येच होता.

त्यातला तो '२८ आणि १६ मिलिमीटर' हा भाग लक्षात ठेवा. आपली गोष्ट तिथेच आहे.

नायट्रेट: आग आणि विरजण

सिनेमाची फिल्म म्हणजे एक पारदर्शक पट्टी, आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. थरात चांदीचे बारीक कण असतात, चित्र त्या कणांचं. चांदी तशी टिकाऊ. बिघडते ती खालची पट्टी.

१९५० च्या आसपासपर्यंत चित्रपटगृहांत चालणारी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की हे मिळतं. प्रक्रिया थोडी पुढे नेली तर त्याच कापसाचं गनकॉटन बनतं, जे दारूगोळ्यात वापरतात. गनकॉटनमध्ये नायट्रोजनचं प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास असतं, फिल्ममध्ये त्याहून जरा कमी. म्हणजे फिल्मचं रीळ हे स्फोटकाचं चुलत भावंड. ते पेटलं की विझवणं अवघड, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. पाण्यात बुडवलं तरी ते जळत राहतं. म्हणून तर ब्रिटनमध्ये १९०९ साली सिनेमाविषयीचा जो पहिला कायदा आला, त्याचा मूळ रोख आगीपासून सुरक्षिततेवर होता.

पण आग लागली नाही तरी नायट्रेट सुटत नाही. रेणूतले नायट्रेटचे गट हळूहळू सुटे होतात, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, ते हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल होतं, आणि ते आम्ल उरलेले गट सोडवायला मदत करतं. म्हणजे क्रियेतून जे निघतं तेच क्रियेचा वेग वाढवतं. याला आम्ही स्वयंउत्प्रेरण म्हणतो. तुम्ही विरजण म्हणा. कोमट दुधात चमचाभर दही टाकलं की पहिला तास-दोन तास काही दिसत नाही, आणि मग बघता बघता सगळं पातेलं लागतं. दह्यात जिवाणू वाढतात आणि इथे आम्ल वाढतं, एवढाच फरक. वेगाचा आलेख सारखाच. फिल्म आधी पिवळट होते, मग चिकट, मग तिच्यावर फोड येतात, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. अनेक वर्षं ठणठणीत वाटणारं रीळ एकदा लागायला लागलं की हाताशी फार वेळ नसतो.

यात माणसांनी भर घातली ती वेगळीच. बोलपट आल्यावर, म्हणजे १९२७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, मूकपटांची बाजारातली किंमत जवळपास शून्य झाली. उरली ती चांदीची किंमत. आपल्याकडे जुन्या जरीच्या साड्या जाळून चांदी काढतात ना, अगदी तसं स्टुडिओंनी रिळांचं केलं. युनिव्हर्सल कंपनीने तर १९४८ साली स्वतःकडच्या उरलेल्या मूकपटांपैकी बहुतेक मुद्दाम नष्ट केले. आणि अशा वेळी सगळ्यात आधी कशावर गदा येते? गंभीर, भव्य, बक्षीसपात्र वगैरे म्हटलेल्या सिनेमांवर नाही. दहा-वीस मिनिटांच्या हसवणाऱ्या फिल्मांवर. विनोदाला 'जपण्यासारखं' मानायची सवय तेव्हाही नव्हती.

घरासाठी निघालेली वेगळी फिल्म

आता दुसरी बाजू. सिनेमा घरी दाखवायची कल्पना सिनेमाइतकीच जुनी आहे. पण दिवाणखान्यात, पडद्यांच्या आणि लाकडी कपाटांच्या मध्ये, गरम दिव्यासमोर गनकॉटनचं भावंड कोण फिरवणार? म्हणून फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९१२ च्या सुमाराला घरगुती प्रोजेक्टर काढला तो २८ मिलिमीटर फिल्मचा, आणि ती फिल्म सेल्युलोज अॅसिटेटची होती. हे पेटत नाही असं नाही, पण कागदासारखं सावकाश जळतं. पुढे १९२२ साली पाथेनेच साडेनऊ मिलिमीटरचा 'पाथे बेबी' आणला आणि १९२३ साली कोडॅकने १६ मिलिमीटर.

या आकड्यांमागे एक शहाणपण आहे. १६ का? ३५ च्या निम्मे साडेसतरा का नाही? कारण साडेसतरा ठेवलं असतं तर कोणीतरी पैसे वाचवायला ३५ ची स्वस्त नायट्रेट फिल्म मधोमध चिरून घरगुती म्हणून विकली असती. आकारच असा ठेवला की ती लबाडी जमू नये. सुरक्षिततेचा नियम कागदावर लिहिण्याऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिला, असं समजा.

पाथे बेबीची आणखी एक गंमत. फिल्म लांब झाली की महाग होते, आणि मूकपटात मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या येतात, त्या वाचायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद म्हणजे कितीतरी फिल्म. म्हणून पाटीची फक्त एखाद-दोन चित्रं ठेवायची आणि शेजारी फिल्मच्या कडेला एक खाच पाडायची. खाच आली की प्रोजेक्टर फिल्म तिथेच काही सेकंद थांबवतो, आणि पाटी वाचून होते. मध्यमवर्गीय घराच्या खिशाचा विचार करून केलेलं हे इंजिनिअरिंग मला फार आवडतं.

कंपन्या मग गाजलेल्या सिनेमांच्या छोट्या, कापलेल्या आवृत्त्या काढून विकायला आणि भाड्याने द्यायला लागल्या. कोडॅकची 'कोडास्कोप लायब्ररी' हे असंच भाड्याचं दुकान, व्हिडिओ कॅसेट लायब्ररीची पणजी म्हणा ना. आणि घरी लोकांना काय हवं असणार? मुलांचे वाढदिवस, सुट्टीची संध्याकाळ, पाहुणे. विनोदी फिल्मा धडाधड खपल्या. त्या कपाटांत, माळ्यांवर, संग्राहकांच्या खोक्यांत पडून राहिल्या आणि मुख्य म्हणजे पेटल्या नाहीत.

अॅसिटेट अमर आहे असं मात्र नाही. ओलावा आणि उष्णतेत त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगर. इथेही तेच विरजण: आम्लातून आणखी आम्ल. डबा उघडला की आंबट वास येतो, पट्टी आक्रसते, वाकडी होते. याला 'व्हिनेगर सिंड्रोम' असंच म्हणतात. संग्रहालयांत डब्यात एक छोटी कागदी पट्टी ठेवतात, ती निळी असते, आम्ल वाढलं की हिरवी आणि मग पिवळी होते. शाळेतल्या लिटमसची ही शिकलेली बहीण.

किंमतही मोजावी लागली. १६ मिलिमीटरच्या एका चित्राचं क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या चित्राच्या पाचव्या भागापेक्षाही कमी भरतं. त्यामुळे बारकावे गेले. कापाकापीत गोष्टी गेल्या. पण 'थोडं धूसर' आणि 'अजिबात नाही' यांत निवड करायची असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

आता यादी

१. तोक्कान कोझो (१९२९), जपान, दिग्दर्शक यासुजिरो ओझू. ओझू म्हटलं की शांत, खिन्न, चटईवर बसलेली कुटुंबं डोळ्यांसमोर येतात. पण सुरुवातीला हा माणूस खट्याळ विनोदी फिल्मा काढत होता. त्याच्या १९२७ आणि १९२८ च्या सिनेमांपैकी एकही आज उरलेला नाही. 'तोक्कान कोझो' मूळचा ३८ मिनिटांचा होता आणि तोही गेलाच असं मानलं जात होतं. मग १९८८ साली सापडली ती साडेनऊ मिलिमीटरची घरगुती पाथे बेबी आवृत्ती, जेमतेम १४ मिनिटांची. पुढे २०१६ साली याच आकाराची थोडी लांब प्रत मिळाली. गोष्ट अशी: एक माणूस खेळणी आणि खाऊचं आमिष दाखवून एका पोराला पळवतो, आणि ते पोर इतकं द्वाड निघतं की पळवणारे टेकीला येतात. आपल्या घरात पाहुण्यांची मुलं आली की जे होतं ते सगळं यात आहे. ओ. हेन्रीच्या एका गाजलेल्या कथेचा हा जपानी अवतार. घरातल्या लहान मुलांना शेजारी बसवून बघा, पाट्यांचं भाषांतर तुम्ही मोठ्याने वाचा.

२. द बॅटल ऑफ द सेंच्युरी (१९२७), लॉरेल आणि हार्डी. हार्डी लॉरेलचा विमा काढतो आणि तो पडावा म्हणून वाटेत केळ्याचं साल टाकतो. सालावरून घसरतो मात्र पाय नावाचा गोड पदार्थ घेऊन जाणारा माणूस. तिथून पुढे अख्खा रस्ता एकमेकांच्या तोंडावर पाय फेकायला लागतो. गंमत म्हणजे हा गोंधळ कसा वाढतो याचा हिशेब फार शिस्तीचा आहे. एकेक माणूस, एकेक कारण, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलीच बाजू न्याय्य. १९५७ साली रॉबर्ट यंगसन यांनी जुन्या विनोदी फिल्मांतले तुकडे एकत्र करून 'द गोल्डन एज ऑफ कॉमेडी' हा संग्रहपट केला, त्यात या मारामारीचा काही भाग आला. पुढची अनेक वर्षं जगाकडे मुख्यतः तेवढाच भाग होता. पूर्ण दुसरं रीळ सापडलं २०१५ साली, एका संग्राहकाच्या ठेवीत, १६ मिलिमीटरवर. मधला एक छोटा भाग अजूनही नाही, तिथे स्थिरचित्रं आणि पाट्या दिसतात. याच जोडीचा 'हॅट्स ऑफ' (१९२७) मात्र आजपर्यंत सापडलेला नाही.

३. सेव्हन इयर्स बॅड लक (१९२१), मॅक्स लिंडर. चॅप्लिनच्या आधी जगभर ओळखला जाणारा विनोदी नट म्हणजे हा फ्रेंच माणूस. रेशमी टोपी, काठी, झोकदार कपडे. चॅप्लिनने स्वतःला त्याचा शिष्य म्हणवून घेतलं होतं. या सिनेमात नोकराच्या हातून मोठा आरसा फुटतो. मालकाला कळू नये म्हणून आचाऱ्याला मालकासारखे कपडे घालून रिकाम्या चौकटीपलीकडे उभं करतात, आणि मालक दाढी करायला समोर येतो. आरशाची ही करामत रंगभूमीवर आधीपासून होती, पुढे १९३३ साली मार्क्स बंधूंनी 'डक सूप'मध्ये ती गाजवली. पण लिंडरची चालच वेगळी. तो धावत नाही, पडत नाही, फक्त संशयाने थोडा वाकतो.

लिंडर आणि त्याची पत्नी दोघंही १९२५ साली गेले, तेव्हा त्यांची मुलगी मॉड तान्ही होती. वडील कोण होते हे तिला बऱ्याच उशिरा कळलं. त्यानंतर तिने आयुष्यभर त्यांच्या फिल्मा शोधल्या, गोळा केल्या, आणि १९६३ मध्ये त्यांच्यावर एक संकलनपट व १९८३ मध्ये एक माहितीपट केला. लिंडर आज आपल्याला दिसतो त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. फिल्म जपणं म्हणजे काय, ते या एका उदाहरणात दिसतं. तिच्यासाठी ती रिळं सिनेमाचा इतिहास नव्हतीच, तिच्यासाठी ते वडिलांचं चालणं-बोलणं होतं.

४. मायटी लाइक अ मूस (१९२६), चार्ली चेस. वीस-बावीस मिनिटं. नवऱ्याचे दात पुढे आलेले, बायकोचं नाक भलतं मोठं. दोघंही एकमेकांना न सांगता शस्त्रक्रिया करून घेतात, वाटेत भेटतात, ओळखत नाहीत आणि एकमेकांच्या प्रेमात पडतात. वर दोघांनाही आपण जोडीदाराला फसवतोय याची टोचणी. फार्स बघत मोठे झालेले आपण मराठी लोक अशा गोष्टींचे जातिवंत प्रेक्षक आहोत. दारं, खिडक्या, एकाने बाहेर जायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने आत यायचं, सगळा हिशेब चोख. दिग्दर्शक लिओ मॅककेरी. चेस आज चॅप्लिन-कीटनच्या रांगेत कोणाला आठवत नाही, कारण त्याचं उत्तम काम छोट्या फिल्मांत आहे, आणि छोट्या फिल्मांना इतिहासाच्या पुस्तकांत जागाही छोटीच मिळते.

५. हँड्स अप! (१९२६), रेमंड ग्रिफिथ. अमेरिकन यादवी युद्ध, दक्षिणेचा एक गुप्तहेर, आणि उत्तरेकडे निघालेलं सोनं. याच वर्षी कीटनचा 'द जनरल'ही आला, त्याचंही पार्श्वभूमीचं युद्ध हेच. 'द जनरल' तेव्हा पडला आणि आज जगातल्या उत्तम सिनेमांत मोजला जातो. 'हँड्स अप!' मात्र मागेच राहिला. ग्रिफिथच्या विनोदाचा गाभा म्हणजे न ढळणारं गांभीर्य. गोळ्या घालायला शिपाई समोर उभे असताना तो हवेत बशा फेकतो, आणि शिपाई सवयीने बशांवरच नेम धरतात. लहानपणीच आवाज गेल्यामुळे तो कुजबुजण्यापलीकडे बोलू शकत नसे. मूकपटात ते कोणाला कळलं नाही, बोलपट आले आणि नटाचं काम संपलं. १९३० च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये खंदकात मरणारा तो फ्रेंच सैनिक हाच, एकही संवाद नसलेला. पुढे तो निर्माता झाला.

त्याचे बहुतेक सिनेमे गेले. 'पाथ्स टू पॅरडाइज' (१९२५) उरला आहे, पण शेवटच्या रिळाशिवाय. म्हणजे पाठलाग ऐन रंगात आलेला असताना फिल्म संपते. रसायनशास्त्राने केलेला हा विनोद बघून मला तरी हसू येत नाही.

६. कालिया मर्दन (१९१९), दादासाहेब फाळके. हा विनोदी सिनेमा नाही, पौराणिक आहे, असं तुम्ही म्हणाल. बघा आणि मग सांगा. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, जी कृष्ण झाली आहे, ती कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. पुढे बाळकृष्णाच्या खोड्या, चोऱ्या, शेजारणींच्या तक्रारी. पाऊण तासातला बराच वेळ हे घरगुती हास्यच आहे. नागाचं मर्दन शेवटी येतं. सात वर्षांची एक मुलगी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी काय सहज वावरते, त्यासाठी तरी बघा.

आपल्याकडे काय झालं

फाळक्यांना विनोदाची आवड होती याचा पुरावा आणखी एक. 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या दुसऱ्या मोठ्या चित्रपटाबरोबर ते 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म दाखवत. म्हणजे १९१४ च्या सुमाराला, 'राजा हरिश्चंद्र' येऊन वर्ष होतं न होतं तोच, आपल्याकडे विनोदी सिनेमा होता. तो आज बघता येत नाही. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच उरले आहेत, आणि उरलेल्यांपैकीही बरेच अर्धवट. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी आहेत.

रसायनशास्त्राच्या नजरेने बघितलं तर कारणं स्पष्ट आहेत. तापमान थोडं वाढलं की अशा क्रियांचा वेग पटीत वाढतो. त्यात आपला उन्हाळा आणि त्यावर चार महिन्यांची ओल, म्हणजे विरजणाला हवी तशी ऊब. मुंबईच्या गोदामात ठेवलेलं रीळ आणि थंड देशातल्या तळघरात ठेवलेलं रीळ यांचं आयुष्य सारखं असूच शकत नाही. न्यूझीलंडच्या संग्रहालयात २०१० साली अमेरिकेत हरवलेल्या कितीतरी फिल्मा सापडल्या. मेबल नॉर्मंडने दिग्दर्शित केलेली आणि तिचीच भूमिका असलेली १९१४ ची एक विनोदी फिल्म त्यांत होती. परत पाठवायचा खर्च परवडत नाही म्हणून वितरणाच्या शेवटच्या टोकाला फिल्मा पडून राहिल्या, आणि वाचल्या. आपल्या फिल्मांच्या प्रवासाचं शेवटचं टोकही उष्ण आणि दमट.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तेव्हा पहिल्या मूकपटाला अर्धशतक उलटून गेलं होतं. पी. के. नायर यांनी तिथे जन्मभर खपून फाळक्यांच्या कामाचे अवशेष मिळवले, 'कालिया मर्दन' आपण बघतो ते त्यामुळे. आणि तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची हजारो रिळं गेली. वर सांगितलेलं सगळं रसायनशास्त्र त्या एका दिवसात आहे.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे बघायचं. अमेरिकेत १९२९ पर्यंत प्रकाशित झालेले चित्रपट आता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहेत, त्यामुळे यादीतले बरेचसे इंटरनेटवर राजरोस मिळतात. एकाच सिनेमाच्या अनेक प्रती दिसतील, त्यातली 'पुनरुद्धारित' म्हटलेली निवडा. माणसं मुंग्यांसारखी पळताना दिसली तर प्रत चुकीच्या वेगाने चालवलेली आहे, दुसरी शोधा. संगीताशिवाय मूकपट बघू नका, तेव्हाही चित्रपटगृहांत सहसा कोणी तसा बघत नसे.

दुसरं, घरातला माळा तपासा. आठ किंवा १६ मिलिमीटरची रिळं, लग्नाच्या मुंजीच्या फिल्मा, दूरदर्शनवरून टेप केलेल्या कॅसेट, काहीही असो. डबा उघडून वास घ्या. आंबट असेल तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लावते. जागा थंड आणि कोरडी हवी. स्वयंपाकघरावरचा पोटमाळा ही सगळ्यात वाईट जागा, आणि आपण नेमकं तिथेच ठेवतो. जुन्या प्रोजेक्टरवर 'एकदा लावून बघू' करू नका, आक्रसलेली फिल्म दातऱ्यांत फाटते. आणि ३५ मिलिमीटरचं १९५० च्या आधीचं रीळ मिळालं तर ते घरात ठेवायचंच नाही, थेट संग्रहालयाशी बोलायचं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला बोचते ती. विसाव्या शतकात घरी सिनेमा बघणं म्हणजे घरात एक प्रत असणं. त्या हजारो प्रतींमधली एखादी वाचली, आणि ओझूचं ते द्वाड पोर आपल्याला भेटलं. आज आपण घरी जितका सिनेमा बघतो तितका कोणत्याच पिढीने बघितला नसेल, पण घरात प्रत मात्र नाही. सिनेमा कोणाच्या तरी सर्व्हरवर आहे, करार संपला की गायब. मोठ्यांचे सिनेमे राहतील, त्यांना सांभाळणारे आहेत. प्रश्न आहे तो छोट्या, न गाजलेल्या, घरात हसून विसरलेल्या गोष्टींचा. त्यामुळे एखादी छोटी मराठी विनोदी फिल्म, एखादी एकांकिका, एखादा जुना कार्यक्रम तुम्हाला आवडत असेल आणि त्याची डीव्हीडी किंवा फाइल रीतसर विकत मिळत असेल, तर घेऊन ठेवा. दोन ठिकाणी ठेवा.

आज रात्रीसाठी माझा सल्ला: जेवणं झाल्यावर आधी चौदा मिनिटांचा 'तोक्कान कोझो', मग 'मायटी लाइक अ मूस'. दोन्ही मिळून पाऊण तासही लागत नाही. रविवारी दुपारी लिंडर. आणि 'कालिया मर्दन' आजी-आजोबांबरोबर, म्हणजे कृष्णाच्या प्रत्येक खोडीवर एक गोष्ट फुकट ऐकायला मिळेल.